द्वेषाच्या बळीला कायद्याचे कवच हवे

डिसेंबर 2025 मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या अधिवेशनात कर्नाटक विधिमंडळाने द्वेषमूलक वक्तव्ये व द्वेषमूलक गुन्हे यांना प्रतिबंध करणारे विधेयक संमत केले. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान, अपंगत्व यांच्याबरोबर भाषा हाही शब्द त्यात आहे. ज्या नगरीत मराठी पाटी लावणे हाच कित्येकदा अपराध ठरला, त्याच नगरीत हा शब्द विधेयकात यावा, या गोष्टीकडे सीमावासीयांनी पाठ फिरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या अनेक वाचकांच्या मनात या विधेयकाविषयी शंका आहे, आणि ती अनाठायी नाही. 17 जानेवारी 1956 चा गोळीबार आणि 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी लढ्यातील नऊ हुतात्मे ज्यांच्या स्मरणात आहेत, ते विचारणारच की, कायद्याची ही नवी काठी आमच्याच पाठीत बसणार नाही कशावरून? उद्या सीमाप्रश्नावरील भाषणालाच कोणी द्वेष म्हटले तर?

त्याला आमचे उत्तर असे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिलेला आहे. महाराष्ट्राने 2004 साली दाखल केलेला दावाही सर्वोच्च न्यायालयातच आहे. जी मागणी संविधानाच्या चौकटीत बसते आणि न्यायासनापुढे मांडली जाते, ती द्वेषाची मागणी कशी होईल? सनदशीर राजकीय मागणी म्हणजे द्वेष नव्हे, एवढे एक वाक्य कायद्यात निःसंदिग्ध शब्दांत असावे, असा आग्रह आपण अवश्य धरू. परंतु काठी चुकीच्या हाती पडेल या भीतीने दुर्बळाच्या हातची ढालही फेकून देणे हा शहाणपणा नव्हे.

या विधेयकावरील वादात सारी चर्चा गुन्हेगाराला किती वर्षे कारावास द्यावा याचीच झाली. एक ते सात वर्षे ही शिक्षा थोडी की फार, यावर वक्त्यांनी घसा कोरडा केला. पण ज्याचे डोके फुटले, ज्याचे दुकान जळाले, ज्याच्या मुलीला शाळेची वाट बंद झाली, त्याचे काय? भरपाईची तरतूद आहे, हे योग्यच. पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो जगणार कसा, आणि साक्ष देण्यास उभा राहणार कोणाच्या बळावर?

याचे उत्तर आपल्या देशाच्या कायद्याने एका ठिकाणी दिलेले आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. 2015 च्या दुरुस्तीने त्यात पीडितांच्या व साक्षीदारांच्या हक्कांचे एक स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यान्वये पीडिताला धाकदपटशापासून संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे, आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडता येणे, खटल्यासाठी प्रवासखर्च व निर्वाहखर्च मिळणे, गरज पडल्यास अन्यत्र पुनर्वसन होणे, हे सारे हक्क झाले, मेहेरबानी राहिली नाही. झुंडबळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही 17 जुलै 2018 रोजी तीस दिवसांच्या आत अंतरिम मदत देण्याची आणि प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याची आज्ञा राज्यांना केली. द्वेषाच्या प्रत्येक बळीला याच तोलाचे हक्क मिळाले पाहिजेत.

केवळ कायदा असून भागत नाही, याची साक्ष मराठी मुलखातीलच आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मारेकऱ्यांना शिक्षा झाली. पण हत्या जातीय द्वेषातून झाली हे न्यायालयात सिद्ध झाल्याचे मानले गेले नाही आणि अत्याचारविरोधी कायदा लागू झाला नाही. द्वेषाची नोंद पहिल्याच दिवशी, पहिल्याच जबाबात झाली नाही, तर पुढे ती सिद्ध करणे किती दुष्कर होते, हे यावरून ध्यानी यावे. भाषा, जात, धर्म यांवरून अपशब्द उच्चारले गेले असतील, तर ते फिर्यादीत जसेच्या तसे उतरले पाहिजेत, आणि फिर्याद पीडिताच्या भाषेत वाचून दाखवली गेली पाहिजे.

आता जरा कटू बोलणे प्राप्त आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ एका कानडी बसवाहकाने भाषेवरून मारहाण झाल्याची तक्रार केली. पाठोपाठ चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले. दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या आणि हाल झाले ते बाजारकऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे, रुग्णांचे. एसटीच्या चालकासाठी आपले रक्त तापले. बसवाहकासाठी तापले का? वाहक काय नि चालक काय, दोघेही पोटासाठी खाकी घालणारे गरीब. आपल्या माणसावरील घाव तो अन्याय आणि परक्यावरील घाव तो पराक्रम, असे म्हणणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. आपल्या गल्लीतला दलित, आपल्या पेठेतला मुसलमान, महाराष्ट्रात राहणारा कानडी भाषिक, या सर्वांसाठी जे मागू, तेच आपल्यासाठी मागण्यात वजन येईल.

आणि जुलै 2014 मधील येळ्ळूर आम्ही विसरलेलो नाही. फलक हटवल्यानंतर पोलिसांनी ग्रामस्थांवर घरांत शिरून लाठ्या चालवल्या. मारणारा हात गणवेशातला असेल, तर तक्रार त्याच ठाण्यात नोंदवायची काय? म्हणून अशा तक्रारींसाठी ठाण्याबाहेरची, न्यायाधीशांच्या देखरेखीखालची व्यवस्था हवी.

तेव्हा सीमाभागातील ग्रामपंचायतींनी, युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी ठराव करावेत. पीडिताला संरक्षण, तत्काळ मदत, त्याच्या भाषेतील फिर्याद, स्वतंत्र तपास आणि सनदशीर चळवळीला अभय, या पाच मागण्या आपल्या आमदार-खासदारांच्या हाती लेखी द्याव्यात. कानडी बांधवांनाही त्यावर सही करण्याचे निमंत्रण द्यावे. काही जण खचित करतील. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर या भूमीत कोणाच्याही मुलाला त्याच्या आईच्या भाषेपायी मार खावा लागू नये, एवढे तरी आपण आपल्या हाताने घडवून आणले पाहिजे.