नदीकाठची दहा फूट वाट सोडा



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेण्याची निवड, खोडव्याची निगा यांवर लिहितो. या खेपेला विषय थोडा निराळा घेतला आहे, तो म्हणजे वाईच्या आसपास नदीकाठाने पायी फिरण्याचा. "शेतकी खात्याला कामं उरली नाहीत वाटतं," असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. शेवटपर्यंत वाचलेत तर विषय फिरून उसाच्याच रानात येतो, हे दिसेल.

पुण्या-मुंबईची माणसे सुट्टी धरून, गाड्या करून आपल्याकडे येतात. एका अंगाला मांढरदेवचा डोंगर आणि पांडवगड, दुसऱ्या अंगाला पाचगणीचे पठार, मधून कृष्णामाई. हे बघायला ती पैसे मोजतात. आपण मात्र वाईला येतो ते बँकेत, बाजाराला, नाहीतर तहसील कचेरीत. काम झाले की एस.टी. स्टँड गाठतो, किंवा मोटारसायकलला किक मारून परत. घाटावर घटकाभर टेकावे, नदीच्या कडेने चार पावले चालावे, हे आपल्याला सुचतच नाही. जवळ असते त्याची किंमत नसते, तशातली गत.

मोठ्या शहरांना बागा असतात. वाईला घाट आहेत, आणि ते कुठल्याही बागेच्या तोडीचे आहेत. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी असे सात घाट. सकाळी सातला निघून रमतगमत हिंडले तर तासाभरात बरेचसे बघून होतात. चढ नाही, दम लागत नाही, म्हाताऱ्या माणसालाही जमते. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधले. देवाच्या पाया आपण सगळेच पडतो, पण देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन भिंत किती जणांनी पाहिली? ती माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी अंगावर न घेता दोन्हीकडे फाकून जावे, म्हणून तशी बांधली. नदीला अडवायचे नसते, तिला वाट द्यायची असते, एवढे शहाणपण त्या काळच्या गवंड्याला होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी वाट मेणवलीची. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. तिथे नाना फडणवीसांचा वाडा, खाली नदीवर दगडी घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीजांची मोठी घंटा. 'स्वदेस' सिनेमा २००४ साली आला, त्याचे चित्रीकरण इथलेच. तेव्हापासून बाहेरचा माणूस मेणवलीचे नाव घेत येतो, आणि शेजारच्या गावचा आपला सभासद मात्र तिथे लग्नाच्या निमित्तानेच जातो. तिसरी वाट धोमची. एस.टी.ने धोमपर्यंत जावे, नृसिंहाचे दर्शन घ्यावे, कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी पोराबाळांना दाखवावा आणि धरणाच्या बाजूने थोडे पायी हिंडून यावे. आपल्या उसाला पाणी देणारे हे साडेतेरा टीएमसीचे धरण. पाणीपट्टीची पावती आपण दरसाल बघतो, ते पाणी एकदा डोळ्यांनीही बघावे. मात्र पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले असेल तेव्हा पात्रात उतरण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

यावर शिवारात ठरलेले उत्तर मिळते. "साहेब, आम्ही दिवसभर रानात हेलपाटतोच की. आम्हाला वेगळं फिरायला कशाला पाहिजे?" पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे खरे होते. आज नांगरट ट्रॅक्टरने, तोडणी टोळीने, आणि पंप घरी बसून मोबाइलवरून चालू. मोटारसायकल थेट बांधाला लागते. शेतकऱ्याचे पाय जमिनीला लागतात किती? मधुमेह आणि रक्तदाब आता पेठेतल्या शेठजींचे राहिले नाहीत, ते वस्तीवर आले आहेत. डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. आणि आपले नाना-आबा, काकी-मावश्या मग चालतात कुठे? डांबरी रस्त्यावर.

इथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. गळीत हंगामात त्या रस्त्यावर वाहने कुणाची असतात? आपलीच. दोन-दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर, मापाच्या बाहेर लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही, आणि चालकाने टेपरेकॉर्डर मोठ्याने लावलेला. पहाटे अंधारात पायी चालणाऱ्या म्हाताऱ्याने जायचे कुठे? एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला आपला ट्रेलर. शाळेची पोरे त्याच रस्त्याने जातात. ऊस वेळेत काट्यावर आलाच पाहिजे, त्यावर आमचीही भाकरी आहे. पण त्यासाठी गावातल्या माणसाला चालायला जागा उरू नये, हे काही बरोबर नव्हे.

म्हणून नदीकाठच्या वाटेचा प्रश्न. पूर्वी काठाने एका गावाहून दुसऱ्या गावाला पायवाट असे. गुरे पाण्यावर जात, बाया धुणे घेऊन जात, वारीची माणसे जात. त्या वाटेचे तुकडे आज शोधावे लागतात. कारण सरळ आहे. दरसाल नांगर एक तास पुढे सरकला. मळीची जमीन, कसदार, पाणी हाताशी, मोह कुणाला होत नाही? आज कितीतरी ठिकाणी उसाची शेवटची सरी थेट दरडीच्या तोंडावर आहे. मापणीला गेलो तर आम्हालाही काठाने चालता येत नाही, पाचटातून वाकून जावे लागते.

आता हिशेब मांडू. समजा एखाद्या सभासदाचे रान नदीला शंभर मीटर लागून आहे. त्याने काठालगत दहा फूट पट्टा सोडला, तर जमीन जाते सुमारे तीन गुंठे. एकरी चाळीस टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन, म्हणजे तीन टन ऊस. टनेज वाढवा म्हणून तुमच्या मागे लागणे हे आमचे काम, आणि आम्हीच तीन टन सोडा म्हणतो आहोत, तेव्हा त्याला कारण असले पाहिजे.

कारण असे की ते तीन टन पुरते पदरात पडतच नाहीत. काठाचा ऊस पुराने लोळतो, डुकरे खातात, आणि तोडायला टोळी नाखूष असते. त्याहून मोठे नुकसान खाली चालू असते. उसाची मुळे तंतुमय, त्यातली बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात. उभी दरड धरून ठेवण्याची ताकद त्यांत नाही. ती ताकद वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, बांबू आणि गवतात आहे. ही झाडे तोडून आपण काठ उघडा केला की प्रत्येक पुरात हात-दोन हात रान नदीत जाते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वाईच्या पश्चिम भागातली रानेच्या राने खरवडून गेली. तेवढा पाऊस आला तर गवताचा पट्टा सगळे वाचवील, असे आम्ही म्हणणार नाही. पण साध्या पुरात उघडा काठ आणि झाडीचा काठ यांतला फरक ज्याला पटत नसेल त्याने होडीतून नव्हे, पायी काठाने जाऊन बघावे. दुसरी गोष्ट अशी की रानातली वाहून जाणारी माती, खत, तणनाशक हे सगळे असा पट्टा बऱ्याच अंशी अडवतो. खालच्या गावाची पिण्याच्या पाण्याची जॅकवेल त्याच नदीत असते, हे विसरून चालणार नाही.

ढोल्या गणपतीची मागची भिंत ध्यानात ठेवा म्हणालो, ते यासाठी. रास्त्यांच्या गवंड्याने नदीला जागा दिली, म्हणून अडीचशे वर्षांवर पूर झेलून देऊळ उभे आहे.

"वाट सोडली की बाहेरची पोरं येतील, ऊस मोडतील, बाटल्या टाकतील," ही तक्रार खरी आहे. पण बाटल्या पडतात त्या जिथे कुणी फिरकत नाही तिथे. ज्या वाटेवरून रोज सकाळी गावची दहा माणसे चालतात तिथे टवाळांना बसायला जागा राहत नाही. "सातबारा माझ्या नावावर आहे," असेही कुणी म्हणेल. आहेच. सातबाऱ्यावरून एक गुंठा कमी करा, असे कुणी सांगत नाही. पट्ट्यातले गवत तुमचे, करंजाची सावली तुमची, चार बांबूही तुमचेच. फक्त त्यावरून माणसाला चालू द्या.

आमचे मागणे तीन जणांकडे आहे. सभासदाने पुढच्या लागणीला, किंवा खोडवा मोडून सरी सोडताना, पहिली सरी काठापासून दहा फूट आत धरावी आणि पट्ट्यात गवत व चार देशी झाडे लावावीत. ग्रामपंचायतीने वाटेवर येणारे ओघळ फरशी टाकून पार करण्याजोगे करावेत आणि निर्मालय व प्लॅस्टिक नदीत जाणार नाही, याची सोय घाटावर करावी. आणि कारखान्याने, म्हणजे आपणच, प्रत्येक ट्रेलरला मागे लाल परावर्तक लावल्याशिवाय ते वाहन काट्यावर घेऊ नये. संचालक मंडळापुढे हा विषय यावा, अशी आमची विनंती आहे.

तोपर्यंत एवढे करा. पुढच्या सोमवारी वाईच्या बाजाराला आलात तर तासभर आधी या, घरच्या माणसांना बरोबर घ्या आणि घाटाघाटाने एक चक्कर मारा. मग आपल्या गावच्या काठाने एकदा चालून बघा. जिथे वाट संपेल तिथे उभे राहून बघा की ती कुणाच्या उसात संपली आहे. आपल्याच उसात संपली असेल, तर वाट मोकळी करायला दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही.