एकवीस इंचाची ट्यूब आणि बीडची काळी माती

'ऑफ-रोड' हा शब्द मला हल्ली जरा खटकतो. बीड जिल्ह्यात आपण ज्याला ऑफ-रोड म्हणतो, त्याला तिथले लोक पाणंद किंवा शिवरस्ता म्हणतात. त्यावरून रोज दुधाचे कॅन, खताच्या गोण्या आणि शाळेतली पोरं जातात, बहुतेक वेळा साध्या स्प्लेंडरवर! म्हणून माझं स्पष्ट मत आहे : अशा ट्रिपसाठी गाडी निवडताना सीसी आणि सस्पेन्शन नंतर बघा. तिचा पार्ट पाटोद्याच्या बाजारात मिळतो का, ते आधी बघा.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सहा जण जामखेडवरून सौताड्याला गेलो. विंचरणा नदीचा धबधबा, खाली दरीत रामेश्वराचं देऊळ... झकास! पुढे नायगावच्या मयूर अभयारण्याकडे निघालो आणि डांबरी सोडून पाणंदीत शिरलो. (मोर एकही दिसला नाही. असो.)

आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. बेसाल्ट झिजून झालेल्या या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पितं, फुगतं, आणि माती मळलेल्या कणकेसारखी चिकट होते. टायर आणि मडगार्डच्या फटीत तिचा थरावर थर चढतो आणि शेवटी चाक चक्क जाम! एकाचं पुढचं चाक असं अडकलं आणि तो आडवा झाला. मनगट टम्म सुजलं. बाकीचे हाफ क्लचवर ॲक्सिलरेटर पिळत बसले, तर क्लचप्लेटचा जळका वास सुटला. चाकच फिरत नसेल तर इंजिनाची सगळी ताकद क्लच भाजण्यात जाते, हे साधं आहे. पण गाडी रुतली की हात ऐकत नाहीत.

पुढचा मडगार्ड चाकालगत असेल तर तो पाणंदीत शिरण्याआधीच काढून सामानाला बांधावा. नंतर चिखलात बोल्टच सापडत नाहीत.

बांधावर एक काका मजा बघत उभे होते. म्हणाले, "वापसा होऊस्तोवर थांबा की! माती काय पळून चाललीय का?" पावसानंतर जमीन पाऊल ठेवण्याजोगी होते त्याला वापसा म्हणतात. आमच्या एकाही ॲपमध्ये हा शब्द नव्हता.

खरा घोळ पुढे झाला. एकाने व्हिडिओ बघून टायरमधली हवा निम्मी केली होती. फटीत माती थापली जाण्यावर याचा काही उपयोग नाही. उलट हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो, आतली ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. ते टाळायला रिमलॉक लागतो, तो त्या गाडीला नव्हता. व्हॉल्व्हजवळ फाटलेल्या ट्यूबला पॅच बसत नाही. पंक्चरवाल्याकडे १८ इंची ट्यूबचा ढीग, आमचं पुढचं चाक २१ इंची! त्यात स्प्लेंडरचं चाक १८ इंची, म्हणजे तीच गाडी असती तर अर्ध्या तासात निघालो असतो.

हायवेवर मोठी गाडीच आरामाची, मान्य. पण मग ग्रुपमध्ये निदान एक २१ इंची ट्यूब हवीच. अडल्यावेळी ती मागच्या १८ इंची चाकातही कोंबता येते, उलटं सहसा जमत नाही. आमची ट्यूब दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर वापसा झाला होता.