पावतीपुस्तक आणि प्रस्ताव



गेल्या तिमाहीत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न होता, अनुदान कुठून मिळेल? कुणी अर्जाचा नमुना मागितला आहे, कुणी 'एखाद्या कंपनीचा पत्ता असेल तर कळवा' असं लिहिलं आहे. एका गटानं तर सरळच विचारलंय, की आमचं काम बंद पडायला आलं, तुम्ही अंकात कायदे आणि कविता छापता, पैशाबद्दल कधी बोलणार? टोमणा बरोबर बसला. हुंड्याबद्दल, पोटगीबद्दल, दारूबद्दल आपण मोठ्यानं बोलतो. संघटनेचं भाडं कोण भरतं, कार्यकर्तीला मानधन किती आणि किती महिने थकलंय, हा विषय निघाला की आवाज खाली येतो.

मी लोणारला काम करते. स्टँडपासून पाच मिनिटांवर आमची एक भाड्याची खोली आहे. बाजाराच्या दिवशी तिथं सल्ला केंद्र चालतं. नवऱ्यानं टाकलेली बाई येते, पोटगीचा हुकूम हातात असून दमडी न मिळालेली येते, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर सातबारावर नाव लावून घेण्यासाठी सासऱ्याशी झगडणारी येते. आम्हाला लागतं काय? खोलीचं भाडं, दोघींचं मानधन, झेरॉक्स, आणि बाईबरोबर मेहकरला किंवा बुलढाण्याला जायचं एसटीचं भाडं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. गेल्या काही वर्षांत आमच्या केंद्राला सरकारकडून झालेली सगळ्यात मोठी मदत तीच म्हणायला हवी!

यंदा एका कंपनीची माणसं आमच्याकडे येऊन गेली. आधी सरोवर बघून आली, मग आमच्याकडे. त्यात गैर काही नाही, लोणारला येणारा प्रत्येकजण आधी विवरच बघतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आमचं गाव आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर यादीत नाव लागलं, आणि २०२२ साली राज्य सरकारनं सरोवराच्या जतनासाठी व विकासासाठी सुमारे ३७० कोटींचा आराखडा मंजूर केला. सरोवर जपलंच पाहिजे. पण त्याच गावात मार खाऊन आलेल्या बाईला रात्रभर कुठं ठेवायचं, हा प्रश्न कुठल्याच आराखड्यात नाही, तो आमच्या खोलीत येतो.

पाहुण्यांनी चहा घेतला, रजिस्टर चाळलं आणि विचारलं, "वर्षाला लाभार्थी किती?" मी सांगितलं, एका बाईचं काम कधी दोन वर्षं चालतं. ते म्हणाले, तसं नको, आकडा सांगा. पंधरा दिवसांनी त्यांचा प्रस्ताव आला. तीन वर्षं पैसे, वीस शिलाई मशीन, दोनशे लाभार्थी, एका कार्यकर्तीचं पूर्ण मानधन. अटी अशा, की पाटीवर कंपनीचं नाव असावं. अहवालात 'हिंसाचार' न लिहिता 'कुटुंब सक्षमीकरण' लिहावं. आणि प्रकल्पातल्या कार्यकर्त्यांनी मोर्चा-धरण्यात जाऊ नये.

आमची बैठक त्यावर साडेतीन तास चालली. एक वयस्क सभासद म्हणाल्या, "बाई, मशीन त माह्या घरीबी हाय. त्याच्यावर आता टीव्ही ठेवला." सगळ्या हसल्या. मग आमची तरुण कार्यकर्ती बोलली. ती हसली नव्हती. म्हणाली, "ताई, सात महिने झाले, मानधन नाही. तुम्ही नाही म्हणाल, चळवळीचं नाव राहील. मी घरी काय सांगू?" त्यावर कुणाजवळच उत्तर नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तत्त्वाची किंमत दर वेळी सगळ्यात कमी मानधनाच्या बाईनंच का चुकवायची?

मला स्वतःबद्दलही एक सांगितलं पाहिजे. एम. एस. डब्ल्यू. करताना प्रस्ताव कसा लिहायचा हे आम्हाला नीट शिकवलं होतं, आणि पहिल्या नोकरीत मी ते मन लावून केलं. त्या संस्थेत मार्चअखेर आकडे कमी पडले, तेव्हा एकाच बाईची सही तीन कार्यक्रमांच्या हजेरीत घेतली. सही घेणारी मीच. बाईनं विचारलं, "हे कशाचं?" मी म्हटलं, "करा हो, वरून मागतात." त्यानंतरही मी वर्षभर तिथं काम केलं. म्हणून 'लाभार्थी किती' हा प्रश्न आला की मला राग येण्याआधी लाज वाटते.

अटी घालणारा पैसा काही आजचा नाही. पंडिता रमाबाईंसाठी १८८७ साली बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं, दहा वर्षं मदतीची हमी मिळाली, आणि त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. अट होती धर्माबाबत तटस्थतेची. १८९३ मध्ये इथल्या सल्लागार मंडळींनी, ती अट पाळली जात नाही असं म्हणत, अंग काढून घेतलं आणि कितीतरी मुलींना घरच्यांनी परत नेलं. बाई मात्र दोन्हीकडच्या दडपणाखाली काम करत राहिल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी दारोदार वर्गणी मागून आश्रम उभा केला. त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं. नाव लावल्यानं काम बिघडलं असं म्हणता येणार नाही. म्हणजे पाटीवरच्या नावाचा बाऊ करण्यात अर्थ नाही. कुठली अट पाटीवर थांबते आणि कुठली कामात शिरते, ते मात्र ओळखता आलं पाहिजे.

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन'सारख्या गटांनी फंडिंग न घेता काम करायचं ठरवलं, आणि ते पाळलं. त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. पण त्यातल्या पुष्कळजणींच्या हाताशी नोकरीचा पगार होता आणि त्या शहरात होत्या. लोणार तालुक्यातल्या रोजगारावर जाणाऱ्या बाईला 'फुकट वेळ दे' म्हणणं वेगळं.

मग सरकार? १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ सुरू झालं. सरकारचा पैसा छोट्या संस्थांपर्यंत पोचावा हाच त्यामागचा विचार. कौटुंबिक सल्ला केंद्रांना याच मंडळाचं अनुदान असे. रक्कम तुटपुंजी, तीही उशिरा. पण ते अनुदान होतं, आणि मागण्याचा एक दरवाजा होता. काही वर्षांपूर्वी केंद्र सरकारनं मंडळच बंद करायचा निर्णय घेतला. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याचं कलम १० सांगतं की संस्थांनी सेवा देणारी संस्था म्हणून नोंदणी करून घ्यावी. खर्च कुणी सोसायचा, यावर ते कलम गप्प आहे. उलट उदाहरणही द्यायला हवं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांत बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो प्रयोग इतका टिकला, की पुढं राज्याच्या महिला व बालविकास विभागानं तो आपल्या अंगावर घेतला. बाहेरच्या पैशावर सुरू झालेलं काम सरकारच्या गळ्यात घालता येतं, हे त्यातून दिसलं. त्याला वीस वर्षं लागली, हेही खरं.

परदेशी पैशाचं दार आपल्यासारख्यांना आता जवळजवळ बंद आहे. पूर्वी पुण्या-मुंबईची नोंदणी असलेली मोठी संस्था पैसे घ्यायची आणि त्यातून तालुक्याच्या गटाला वाटा द्यायची. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनं ते हस्तांतरच बंद केलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. स्वतः नोंदणी करायची तर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. आमची तीन वर्षांची सगळी पावतीपुस्तकं उलटी करून झटकली तरी तेवढे निघायचे नाहीत! २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही दुरुस्ती मुख्यतः उचलून धरली.

राहिल्या कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, यापैकी काहीही असलेल्या कंपनीनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. अनुसूची सातमध्ये स्त्री-पुरुष समानता स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणजे मागायला आपल्याला आधार आहे. पण कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो, आणि आमच्या आसपास कापूस-सोयाबीन आहे, कारखाना नाही. त्यातून २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी निघाली. त्यात वाशीम आहे, बुलढाणा नाही. शेजारच्या रिसोड तालुक्यातली बाई 'आकांक्षित' आणि तिची लोणारला दिलेली बहीण नाही, असा हा कारभार.

एक पैसा मात्र आपल्या दाराशी असून आपण मागत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बहुतेक गावांत त्यातून खुर्च्या येतात, कपाट येतं, अंगणवाडीचा पंखा येतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कित्येक ठिकाणी नुसती रजिस्टरात होते. त्या सभेत ठराव लिहून घ्या: आमच्या गावातल्या बायका तालुक्याच्या सल्ला केंद्रावर जातात, त्यांच्या प्रवासाची, कायदा शिबिराची तरतूद करा. रक्कम लहान असेल. आम्ही दोन गावांत हे करून पाहिलं. एका गावी सरपंचबाईंच्या नवऱ्यानं 'बघू' म्हटलं. दुसऱ्या गावी शिबिराचा मांडव, जेवण आणि वकीलबाईंचं येण्याजाण्याचं भाडं मिळालं. महत्त्वाचं असं, की त्या दिवसापासून त्या गावात आम्ही 'बाहेरच्या बायका' राहिलो नाही.

आणि कागद. याचा कंटाळा सगळ्यांना, मलाही. पण अर्ज नाकारला जातो तो बहुधा कामामुळं नाही, कागदामुळं. बचतगट म्हणजे नोंदणीकृत संस्था नव्हे, हे आधी समजून घ्या. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सातजणी लागतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाशी कायमचा संबंध येतो. दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलले की बदल अहवाल. हा अहवाल आपण वर्षानुवर्षं दाखल करत नाही आणि मग कागदावर अध्यक्ष म्हणून अशी बाई निघते जी कधीच गाव सोडून गेली. आयकराच्या '१२ ए' आणि '८० जी' नोंदण्या आता कायमच्या नसतात, मुदत संपायच्या आत नूतनीकरण करावं लागतं. कंपनीकडून घ्यायचं तर 'सीएसआर-१' नोंदणी, सरकारी अनुदानासाठी 'दर्पण' पोर्टलचा क्रमांक. दोन हजारांवरच्या रोख देणगीला '८० जी'ची सवलत नाही, तेव्हा देणगीदाराला चेक द्यायला सांगा. हे काम एकीनंच डोक्यात ठेवू नका. आमच्याकडे ते माझ्या डोक्यात आहे, आणि मी उद्या आजारी पडले तर संस्थाही आजारी पडेल.

त्या बैठकीत शेवटी काय ठरलं? शिलाई मशीन नकोत, हे एकमतानं. पाटीवर नाव चालेल, हे बहुमतानं, दोघी विरोधात. 'हिंसाचार' हा शब्द राहील. मोर्चाची अट मान्य नाही, पण कंपनीचा पैसा मोर्चावर खर्च होणार नाही असं लिहून द्यायला तयार आहोत. लाभार्थींच्या आकड्याऐवजी दर तिमाहीला किती बायका आल्या, किती परत आल्या, किती तक्रारी पुढं गेल्या हे खरंखरं देऊ. मानधन दोघींचं मागितलं आहे, आणि त्यात माझं नाव नाही. तरुण कार्यकर्तीनं त्या पत्राचा मसुदा स्वतः लिहिला. माझ्यापेक्षा कमी शब्दांत लिहिला.

दरम्यान तिच्या थकलेल्या मानधनातलं दोन महिन्यांचं आम्ही सभासदांच्या वर्गणीतून दिलं आहे. पाच महिन्यांचं बाकी आहे. पत्र पाठवून सहा आठवडे झाले. उत्तर आलं की, होकार असो की नकार, ते पुढच्या अंकात छापू. तुमच्याकडे आलेल्या अटींची पत्रं असतील तर कंपनीचं किंवा खात्याचं नाव खोडून आमच्याकडे पाठवा. पुढचा अंक त्यावरच काढायचा विचार आहे.