मुक्या जिवाचं दुखणं ओळखा

मैत्रिणींनो, लेकराचं पोट दुखलं तर ते रडून सांगतं. आपला मोत्या किंवा मनी काय सांगणार? उलट, दुखणं लपवायचा त्यांचा स्वभावच. मांजर कपाटाखाली गप्प बसून राहतं आणि आपण म्हणतो, ‘आज स्वारी रुसलेली दिसते!’ म्हणूनच डॉक्टरांकडे आत्ता धावायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे आपल्याला ओळखता यायला हवं.

मोठ्या कुत्र्यानं एखादी उलटी केली, पण पाणी पितो आहे, शेपूट हलवतो आहे, तर दिवसभर नुसती नजर ठेवा. नाक कोरडं म्हणजे ताप, असंही समजू नका. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला गरमच लागतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचंच तापमान. १०४ झालं, तर मात्र डॉक्टर गाठा. लहान पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब लागले, तर एक रात्रही दवडू नका. ‘पार्व्हो’ असू शकतो, आणि पिल्लू बघता बघता सुकतं.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती बोक्याच्या बाबतीत. तो पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो. घरच्यांना वाटतं, बद्धकोष्ठ झालं. कुणी चमचाभर एरंडेलही पाजतं. खरं तर त्याची लघवी तुंबलेली असते! बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद. त्यात बारीक खडे किंवा चिकट पदार्थ अडकला, की वाट बंद. मग रक्तात विष साठत जातं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. तेव्हा बोका कुंथतो आहे आणि ट्रे कोरडाच, असं दिसलं की हातातलं काम टाकून निघा.

याखेरीज पुढील लक्षणं दिसली, तरी थांबायचं नाही :

• हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर पडणं.
• मांजरानं तोंड उघडून धापा टाकणं.
• कुत्र्याचं पोट फुगणं, ओकाऱ्या येऊनही बाहेर काही न पडणं.
• पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ झटका येणं.
• उन्हाच्या तडाख्यानं कोसळणं. सावलीत आणून अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि निघा.
• उंदराचं औषध खाल्ल्याची नुसती शंका. रक्तस्राव कधी कधी दोन-चार दिवसांनी सुरू होतो. औषधाचं पाकीट सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

आणि एक सांगते, आपल्या डब्यातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटॅमॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

नेहमीची काळजी फार अवघड नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करायच्या, तिसऱ्या महिन्यात रेबीजची टोचायची, पुढच्या तारखा डॉक्टर सांगतील तशा पाळायच्या. जंताचं औषध वेळेवर द्यायचं आणि वर्षातून एकदा तपासणी करायची. लहान गावात ज्याला आपण ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतो, तिथं कुत्र्या-मांजरांनाही तपासतात बरं का!

आजच एवढं करा : डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. अडीअडचणीला शोधाशोध नको.