बाळाचा पाय आणि हृदयाची तपासणी

जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग हे मोटारींच्या कारखान्याचे गाव. तेथे मराठी घरात बाळ जन्मले, तर 2017 पासून देशभर चालू असलेली एक तपासणी त्यालाही मिळते. दुसऱ्या दिवशी, आईबापांच्या संमतीने, पायाला प्रकाशाचा पट्टा लावून रक्तातील प्राणवायू मोजतात. सुई नाही. 96 टक्के किंवा अधिक भरला की ठीक. थोडा कमी भरला तर पुन्हा मोजतात.

आकडा कमी आला की आपली माणसे लगेच शस्त्रक्रियेचे बोलू लागतात. (परीक्षेच्या गुणांचेही तसेच!) फुप्फुसांच्या तक्रारीनेही तो उतरतो, हृदयाचे खरे उत्तर सोनोग्राफी देते. आकडा चांगला असूनही काही दोष निसटतात. म्हणून आपल्या बेटावरही, दूध पिताना बाळाला धाप लागली, घाम फुटला, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.