मेंबराची सही



एका गावात आम्ही ऐन वेचणीत गेलो होतो. परतीचा पाऊस होऊन गेलेला, पाणंदीत गुडघाभर चिखल. कापसाची गाडी निम्म्या चाकापर्यंत रुतली होती. शेवटी बायाबापड्यांनी गाठोडी डोक्यावर वाहून आणली. गावाच्या वेशीवर मात्र नवी कोरी कमान! तिचा ठराव कोणी केला, असे विचारले तर एक मेंबर म्हणाले, "वही घरी आली सायेब, आम्ही सही केली."

कापसाला भाव देणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. ती लढाई वेगळी, आणि ती आपण लढतोच आहोत. पण जे हाती आहे ते तरी आपण वापरतो का?

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत आले. पहिला विषय शेती, दुसरा जमीनसुधारणा व मृदसंधारण, तिसरा लघुपाटबंधारे आणि पाणलोट. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचाच संसार! रस्तेही त्यात आहेत. कमान आम्हाला सापडली नाही.

मेंबर हा सरपंचाचा अंगठा नव्हे. मासिक सभेत बसणे, मागचे इतिवृत्त वाचून घेणे, बिल मंजूर करण्याआधी काम डोळ्यांनी पाहणे आणि पटले नाही तर विरोध वहीत नोंदवायला लावणे, हे त्याचे काम. काळ्या मातीवर नुसता मुरूम ओतला तर एका पावसाळ्यात तो गिळला जातो. आधी दोन्ही बाजूंना चर काढून पाणी नाल्याला लावावे लागते. हे इंजिनियरपेक्षा गाडीवानाला जास्त कळते. मेंबराने त्याला विचारावे. जिथे बाई निवडून येते आणि खुर्चीवर नवरा बसतो, तिथे तर मेंबर गैरहजरच!

दोष एकट्या मेंबराचाही नाही. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. आपण तेवढेही जमत नाही. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चौघांत गाव आटोपते.

या बैठकीला आलेल्या मेंबरांनी गेल्या तीन महिन्यांचे ठराव वहीतून उतरवून घ्यावेत. पुढच्या बैठकीत आपण ते मोठ्याने वाचणार आहोत.