सूट बिलावर मागा

भाच्याने कोटेशनचा कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता आणि आवाज मात्र खाली आला होता. “मावशी, एकदा बघतेस का? उद्या बुकिंगचे पैसे भरायचेत.” दोन दारांची, परदेशातून तयार होऊन येणारी पेट्रोल स्पोर्ट्‌स कार. नोकरी लागल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, हा मुलगा या गाडीसाठी पैसे बाजूला टाकत आलाय. शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर तो याच गाडीची चित्रं काढायचा. त्यामुळे “एवढ्या पैशात फ्लॅट आला असता” हे वाक्य मी त्या दिवशी मनातही येऊ दिलं नाही. मी पेन्सिल घेतली.

कागदावर चौदा ओळी होत्या आणि शेवटी 1 कोटी 8 लाखांच्या आसपासचा आकडा. हिशेब तपासण्यात माझी 26 वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, माणूस अशा कागदावर फक्त शेवटचा आकडा बघतो. भाच्यानेही तेच केलं होतं. “यात काही कमी होईल का?” असं त्याने विचारलं आणि समोरून उत्तर आलं, “सर, सगळे टॅक्सेस आहेत.” तिथेच बोलणं संपलं.

सगळे टॅक्सेस नव्हते. मी प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहिलं. सरकारची असेल तर स, शोरूमची असेल तर श.

एक्स-शोरूम किंमत 84 लाख. यात 60 लाख गाडीचे आणि 24 लाख जीएसटीचे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि सरळ 40 टक्के जीएसटी आला. त्या 60 लाखांच्या पोटातही आयात शुल्क आधीच बसलेलं असतं. त्यानंतर आरटीओचा एकरकमी कर. इथे जुळवलेली, वीस लाखांवरची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली, तर महाराष्ट्रात 13 टक्के लागतात. आयात केलेल्या गाडीला 20 टक्के. म्हणजे 16 लाख 80 हजार. या कराला कमाल मर्यादा आहे. ती 1 जुलै 2025 पासून वीस लाखांवरून तीस लाखांवर गेली. या ओळींपुढे स. त्यावर घासाघीस नाही.

मग 84 हजारांची टीसीएसची ओळ. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का गोळा करून आयकर खात्यात भरतो. हा खर्च नव्हे. आपल्या पॅनवर जमा झालेला हा आगाऊ कर आहे, रिटर्न भरताना तो वळता होतो. पॅन नीट लिहिलाय ना, एवढं बघायचं. कित्येक जण ही रक्कम गाडीच्या किमतीत धरून विसरून जातात, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

उरलेल्या ओळींपुढे श. हँडलिंग आणि लॉजिस्टिक्सचे 45 हजार. गाडी शोरूमच्या दारापर्यंत आणणं हा विक्रेत्याच्या धंद्याचा खर्च आहे, तो पुन्हा गिऱ्हाइकाने का द्यावा? पेंट प्रोटेक्शन आणि ॲक्सेसरीजचं पॅकेज, 1 लाख 90 हजार. विमा, 3 लाख 90 हजार. विमा कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क गाडीमालकाचा असतो. गाडीची विमा रक्कम तीच, झिरो डेप तेच, थर्ड पार्टी तीन वर्षांचं तेच, असं एकास एक जुळवून आम्ही बाहेर विचारलं. 2 लाख 70 हजार.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. समोरचा मुलगा पंचविशीतला, अदबीने बोलणारा. त्याचं पोट इन्सेंटिव्हवर आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून आवाज न चढवता एकेक ओळ विचारली. हँडलिंग गेलं. विमा आमचा. पॅकेज नको. मग मॅनेजर आले आणि म्हणाले, “मॅडम, कॅश डिस्काउंट जमणार नाही, पण साडेतीन लाखांच्या ॲक्सेसरीज देतो.”

इथे बहुतेकजण खूश होऊन उठतात. मी म्हटलं, “ॲक्सेसरीज राहू द्या. सूट बिलावर दाखवा.”

कारण साधं आहे. विक्रीच्या वेळी बिलावर दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या किमतीवर जीएसटी लागतो. मूळ किमतीत अडीच लाख कमी केले की त्यावरचा 40 टक्के कर, म्हणजे एक लाख, आपोआप कमी होतो. शोरूमच्या खिशातून अडीच लाख जातात, गिऱ्हाइकाचे साडेतीन लाख वाचतात. ॲक्सेसरीज घेतल्या असत्या तर गाडीवरचा कर पूर्ण 84 लाखांच्या हिशेबानेच भरला असता. मॅनेजरनी कॅल्क्युलेटर काढला, आत जाऊन आले आणि हो म्हणाले. एक्स-शोरूम 80 लाख 50 हजारांवर आली.

निघताना त्यांनी हळूच आणखी एक वाट सुचवली. पाँडिचेरी पासिंग. तिथला पत्ता “करून देतात”, कर बराच वाचतो. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. मालक जिथे राहतो आणि गाडी जिथे ठेवली जाते, तिथेच नोंदणी करायची असा मोटार वाहन कायदा आहे. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, खोट्या पत्त्यावर घेतलेली गाडी दर चौकात पोलीस दिसला की मालकाच्या छातीत धडधडते. अकरा वर्षांच्या स्वप्नाला हे का जोडायचं? पुण्याच्या रस्त्यांवर चालवायची, तर कर इथेच भरायचा. विक्रेत्याच्या नफ्यात मागायला लाजायचं नाही आणि सरकारच्या हक्काला हात लावायचा नाही. या दोन गोष्टी मला एकाच प्रामाणिकपणाच्या वाटतात.

नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला, मग ती आठ लाखांची असो की ऐंशी, माझी कळकळीची विनंती आहे. कोटेशनवर शोरूममध्ये सही करू नका. ते घरी आणा, रात्रभर ठेवा, प्रत्येक ओळीपुढे स किंवा श लिहा.

आमचे एकूण सात लाखांहून अधिक वाचले. पण मला लक्षात राहिला तो डिलिव्हरीचा दिवस. गाडीला हार घालून झाला, नारळ फुटला, सगळे फोटो काढत होते. भाचा आधी बिल वाचत उभा होता. वरून खालपर्यंत बोट फिरवून झाल्यावर त्याने ते माझ्या हातात दिलं. “मावशी, प्रत्येक ओळ कळली,” म्हणाला आणि मग किल्ली घेतली.